छोटा कोर म्हणजे फसवणूक नाही भाऊ: त्या फिरत्या मेसेजला माझं उत्तर

आठ दिवसांपासून एक मेसेज आमच्या इकडच्या इंजिनिअरिंगच्या पोट्ट्यांच्या ग्रुपवर फिरून राहिला. मला चार जणांनी पाठवला, त्यातला एक दर शनिवारी माझ्याकडे शिकायला येणारा पोरगा, त्यानं खाली लिहिलं, "सर हे खरं असन तर आपण काहून एवढं डोकं लावून राहिलो?" त्याच्या त्या एका ओळीसाठी हे लिहितो आहे.

मेसेजात काय आहे ते आधी सांगतो. एक, चिपमध्ये मोठ्या कोरसोबत (कोर म्हणजे चिपमधला सूचना चालवणारा एकेक भाग) छोटे कोर टाकणं ही कंपन्यांची पैसे वाचवायची चाल आहे, सगळे मोठेच पाहिजेत. दोन, आता चिपयार्डसारखं चिप बनवायचं फुकट साधन आहे, कॉन्फिगमध्ये (चिपचं वर्णन लिहितो त्या फाइलमध्ये) एक ओळ टाकली की ॲक्सिलरेटर (एकच काम झपाट्यानं करणारा खास भाग) लागला. तीन, बाकीचं लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम पाहून घेते. चार, टॉप्सचा (सेकंदाला किती लाख कोटी क्रिया) आकडा जेवढा मोठा तेवढी चिप फास्ट. पाच, हे काम मोठ्या शहरातल्या लॅबचं, खेड्यातल्या पोरांनी ह्याच्या नादी लागू नये.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे म्हणून जास्त फसवतो. कोर मोठा केला की वेग त्याच प्रमाणात वाढत नाही. इंटेलच्या फ्रेड पोलॅक यांच्या नावानं एक ठोकताळा आहे, कोरची जागा दुप्पट केली तर वेग साधारण १.४ पट होतो, म्हणजे जागा आणि वीज जास्त जाते आणि हाती त्यामानानं कमी येते. आता दुसऱ्या बाजूनं पाहा. समजा एखादं काम ८० टक्के वाटून करता येते आणि २० टक्के एकामागे एकच करावं लागते, तर ८ कोर लावूनही वेग ३.३ पटच होतो, आणि शंभर कोर लावले तरी ५ पटीच्या वर जात नाही. हा अ‍ॅमडालचा नियम, १९६७ चा, कागदावर दोन मिनिटात करून पाहता येतो. म्हणून त्या न वाटता येणाऱ्या २० टक्क्यांसाठी एखाद-दोन तगडे कोर आणि बाकीच्यासाठी कमी जागेत, कमी विजेत बसणारे छोटे कोर, हा हिशोब आहे. कोर डिझाइन करणाऱ्या एआरएम कंपनीनं ऑक्टोबर २०११ मध्ये मोठ्या कॉर्टेक्स-ए१५ सोबत छोटा कॉर्टेक्स-ए७ बसवून बिग-लिटल आणलं ते ह्यासाठीच. आपण नांगरटीला ट्रॅक्टर लावतो, पण कपाशी गुडघ्याला आली की डवरणीला बैलजोडीच काढतो, तिथं कोणी म्हणत नाही की शेतकरी कंजूस आहे.

मेसेजवाल्याचा राग मात्र मला समजते. २०१३ मध्ये सॅमसंगची एक्झिनॉस ५ ऑक्टा ही मोबाइलची चिप आली तेव्हा नावात आठ होते पण एकावेळी चारच चालायचे, एक तर मोठ्यांचा गट नाहीतर छोट्यांचा. आठ म्हणून विकलं आणि चार चालले तर लोकांनी चिडावंच. पण ती त्या चिपची मर्यादा होती, मिश्र कोर ह्या कल्पनेची नाही, पुढच्या चिपमध्ये आठही सोबत चालू लागले.

दुसऱ्या मुद्द्यावर मी जरा जास्त थांबतो, कारण इथं मी स्वतः पडलो आहे. चिपयार्ड हे कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठाचं ओपन सोर्स साधन आहे, त्यात रॉकेट नावाचा साधा कोर आहे, जो सूचना आल्या त्याच क्रमानं चालवतो, बूम नावाचा मोठा कोर आहे, जो पुढची सूचना तयार असली तर ती आधी उरकतो, आणि जेमिनी नावाचा मॅट्रिक्स गुणाकाराचा ॲक्सिलरेटर आहे. स्काला ह्या प्रोग्रामिंग भाषेत छोटे छोटे तुकडे एकाखाली एक जोडून चिपचं वर्णन करायचं, ह्या अर्थानं "एक ओळ" खरी आहे. मी चार कोर लिहिले, एका ओळीत जेमिनी लिहिला, आणि रात्रभर बिल्ड (त्या वर्णनातून चिपचं सिम्युलेशन तयार करणं) लावून झोपलो. सकाळी पाहतो तर लॅपटॉपची मेमरी संपून सगळं बंद पडलेलं. मला वाटलं लाइट गेली असन. लाइट नव्हती गेली. झालं असं की कोरला चिकटून बसणारा ॲक्सिलरेटर असा नुसता लिहिला की तो एका कोरला लागत नाही, चारही कोरला एकेक प्रत लागते. मला एक पाहिजे होता, मी चार मागितले होते आणि मला माहीतच नव्हतं. कोणत्या कोरला कोणता द्यायचा हे नंबर देऊन वेगळं सांगावं लागते.

ते केलं तर पुढचा घोळ. कोरचे नंबर खालच्या तुकड्यापासून वर मिळत जातात, म्हणजे सगळ्यात खाली लिहिलेला कोर शून्य नंबरचा. मी वरून वाचत होतो म्हणून मला वाटलं बूम शून्य आहे, जेमिनी त्याला दिला, प्रत्यक्षात तो रॉकेटला लागला. प्रोग्राम चालवला की बूमवर ती खास सूचना आली आणि "ही सूचना मला माहीत नाही" म्हणून ट्रॅप, म्हणजे प्रोग्राम तिथंच अडला. दोन दिवस गेले त्यात, आणि चूक एका ओळीच्या जागेची.

आणि हे झालं नुसतं जोडण्याचं. ठरवायचं खरं तर त्याच्याही आधी असते. ॲक्सिलरेटर कोरला चिकटून ठेवायचा की बसवर (सगळ्या भागांना जोडणाऱ्या सामायिक वाटेवर) लांब बसवायचा? चिकटून ठेवला तर खास सूचनेनं लगेच हाक मारता येते, कोरचीच पत्ता-भाषांतराची सोय वापरता येते, पण तो त्या एका कोरचा होऊन बसतो. बसवर ठेवला तर सगळे कोर त्याच्या रजिस्टरमध्ये लिहून काम सांगू शकतात, पण मग ड्रायव्हर लिहा, खरे मेमरी पत्ते द्या, कॅशमधला (कोरजवळच्या छोट्या मेमरीतला) ताजा डेटा त्याला दिसतो की मेमरीतला जुना दिसतो हे तपासा, आणि दिसत नसन तर आधी कॅश रिकामी करा. हे प्रश्न कोणत्याच एका ओळीनं सुटत नाहीत, कोणतं काम कोणाकडं जाईल हे माणसाला माहीत असावं लागते.

"लिनक्स पाहून घेते" हा तिसरा मुद्दा तर सरळ चूक आहे. कोणत्या कोरची ताकद किती हे लिनक्सला डिव्हाइस ट्रीमधून (चिपमध्ये काय काय आहे त्या यादीतून) सांगावं लागते, त्यासाठी वेगळी नोंद असते. वीज पाहून काम वाटणारा शेड्युलर मुख्य लिनक्समध्ये ५.० आवृत्तीत आला, २०१९ मध्ये, म्हणजे बिग-लिटल आल्यावर सात वर्षांहून जास्त काळानं, आणि त्यालाही कोर किती वीज खातो हा तक्ता बाहेरूनच द्यावा लागते.

दोन कोरमध्ये बारीकसा फरक राहिला तरी काय होते त्याचं २०१६ चं उदाहरण पाहा. एक्झिनॉस ८८९० मध्ये मोठ्या कोरची कॅश लाइन (कॅश एकावेळी हाताळते तेवढा तुकडा) १२८ बाइटची आणि छोट्याची ६४ ची होती. मोनो नावाच्या रनटाइमवर चालणारे ॲप मधेच कधीही कोसळायचे. कारण सापडलं ते असं, प्रोग्राम सुरुवातीला एकदाच लाइनचा आकार विचारून लक्षात ठेवायचा, मोठ्या कोरवर असताना १२८ उत्तर मिळालं, मग शेड्युलरनं त्याला छोट्या कोरवर टाकलं, आणि तिथं तो १२८-१२८ च्या उड्या मारत कॅश साफ करू लागला, म्हणजे एकाआड एक लाइन तशीच जुनी राहिली. इंटेलच्या २०२१ च्या अल्डर लेक चिपमध्ये मोठ्या कोरच्या हार्डवेअरमध्ये एव्हीएक्स-५१२ (एकाच वेळी बरेच आकडे हाताळणाऱ्या सूचना) होतं, छोट्यांमध्ये नव्हतं, शेवटी इंटेलनं मोठ्यांवरचंही बंद केलं. एवढ्या मोठ्या कंपन्यांना जे आपोआप झालं नाही ते आपल्याला होईल?

आपल्या कामाचं एक सांगतो. हरभऱ्याला ओलित चालू आहे, रात्रीची लाइन, आणि एक फेज गेला. मोटर दोन फेजवर घुरघुरत राहिली तर जळते, हे इथं कोणाला सांगायची गरज नाही. आता एसटीएम३२एमपी१५७ सारखी चिप घ्या, तिच्यात दोन कॉर्टेक्स-ए७ आणि सोबत एक कॉर्टेक्स-एम४ आहे. मोबाइलवर मेसेज पाठवणं, नोंदी ठेवणं लिनक्सवाल्या ए७ कडं द्यायचं, आणि तिन्ही फेजचा करंट मोजून मोटर तोडणं एम४ कडं, कारण लिनक्स अडकलं तरी एम४ आपलं मोजत राहते. पण हे नीट चालावं म्हणून करंट मोजणारा एडीसी लिनक्सच्या डिव्हाइस ट्रीमध्ये बंद ठेवून एम४ च्या नावानं लिहावा लागते, दोघांच्या बोलण्यासाठी मेमरीचा तुकडा राखून ठेवावा लागते, नाहीतर लिनक्स सुरू होताना "हे कोणी वापरत नाही" म्हणून त्या एडीसीचं क्लॉकच बंद करू शकते. आणि तिथं तो छोटा कोर सगळ्यात महत्त्वाचा आहे, पैसे वाचवायला टाकलेला नाही.

टॉप्सचा आकडा म्हणजे फक्त गुणिले. जेमिनीची नेहमीची मांडणी १६ गुणिले १६, म्हणजे एका ठोक्याला २५६ गुणाकार-बेरजा, प्रत्येकीच्या दोन क्रिया मोजल्या आणि १ गिगाहर्ट्झ धरला की ०.५ टॉप्स लिहून मोकळे. पण मॅट्रिक्सला एका वेक्टरनं गुणायचं असन तर प्रत्येक आकडा एकदाच वापरला जातो, म्हणजे एक आकडा एका बाइटचा धरला तर ठोक्याला २५६ बाइट आत आले पाहिजेत, आणि बस १२८ बिटची असली तर येतात १६. सोळापैकी पंधरा हिस्से यंत्र रिकामं फिरते. सोयाबीनच्या गंजीवर थ्रेशर लावला आणि पेंढ्या द्यायला एकच माणूस असला तर थ्रेशर कितीही मोठा आणा, पोते तेवढेच भरतात. चिप पाहताना मेमरी किती वेगानं देते हे आधी विचारा.

पाचव्या मुद्द्याचा मला खरंच राग आला. चिपचं डिझाइन लॅपटॉपवर चालवून पाहायचं व्हेरिलेटर फुकट आहे, स्पाइक नावाचा रिस्क-फाइव्हचा (कोणीही फुकट वापरू शकतो अशा सूचनांच्या संचाचा) सिम्युलेटर फुकट आहे, चिपयार्ड फुकट आहे. मी १६ जीबी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर करून राहिलो, सिम्युलेशन लय हळू चालते, लिनक्स बूट करायच्या भानगडीत पडू नका, छोटे प्रोग्राम चालवा. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे आपल्याच देशात बनलेले रिस्क-फाइव्ह प्रोसेसर आहेत, शक्तीची एक चिप तर चंदीगडकडच्या एससीएल ह्या सरकारी चिप कारखान्यात १८० नॅनोमीटरवर तयार झाली, २०१८ मध्ये. कोणत्याही चिपच्या आधी कोणीतरी लॅपटॉपवर हेच कॉन्फिग लिहीत बसलेलं असते, आणि तो लॅपटॉप कोणत्या गावात आहे ह्यानं कंपायलरला फरक पडत नाही.

तर बाळा, ह्या शनिवारी ये. एक रॉकेट खाली, एक बूम वर, आणि जेमिनी फक्त बूमला, नंबर १. येण्याआधी वहीवर लिहून आण की कोणता डेटा कुठून कुठं जाईल आणि ठोक्याला किती बाइट. बिल्ड आपण ते पाहून मगच लावू.