मास्तरांच्या वर्गात दुसरा मास्तर

शाळेत पहिलीच्या पोरांपुढं उभं राहायचं तर डीएड लागतं, नववी-दहावीला बीएड लागतं. सीनियर कॉलेजला लागायचं तर सेट नाहीतर नेट ही पात्रता परीक्षा नाहीतर पीएचडी, आणि त्यात तुम्हाला विषय येतो का एवढंच बघतात, तो दुसऱ्याला शिकवता येतो का हे कुणी विचारत नाही. नेटच्या पहिल्या पेपरात टीचिंग ॲप्टिट्यूडचे ५ प्रश्न असतात म्हणा, तेही ऑप्शनवाले. संपला विषय. पहिल्या दिवशी मस्टरवर सही केली की टाइमटेबल हातात पडतं आणि खडू घेऊन चालू. तिथनं रिटायर होईपर्यंत आमच्या वर्गात दुसरा शिक्षक पाऊल ठेवत नाही. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम आली तरी दारातनं नमस्कार करून लॅबकडं जाते.

आपल्या कोल्हापुरात कुठल्याही तालमीत जाऊन बघा, पोरगं हौद्यात उतरलं की वस्ताद कडेला उभा असतो, पट काढताना पाय कुठं पडला, मान कुठं गेली, सगळं बघत असतो आणि तिथल्या तिथं सांगतो. पैलवान कितीही मोठा झाला तरी कुणीतरी बघणारा असतोच. आणि आम्ही तीस-तीस वर्षं दार लावून एकटेच जोर मारतोय.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे सध्या मी बाहेरच्या विद्यापीठांतल्या फॅकल्टी फेलो नावाच्या प्रकाराबद्दल वाचतोय. प्रकार साधा आहे. विद्यापीठातल्याच, रोज तास घेणाऱ्या काही प्राध्यापकांना वर्षभरासाठी निवडायचं, त्यांचा वर्कलोड थोडा कमी करायचा किंवा थोडं मानधन द्यायचं, आणि त्या वेळात त्यांनी फक्त शिकवण्याचंच काम करायचं. आपला एखादा कोर्स पहिल्यापासून नव्यानं बांधायचा, सहकाऱ्यांच्या तासाला बसायचं, कुणी बोलावलं तर त्याच्याबरोबर बसून त्याचा पेपर, त्याच्या असाइनमेंट बघायच्या. वर्ष संपलं की माणूस आपल्या डिपार्टमेंटला परत. म्हणजे हा साहेब नाही, इन्स्पेक्टर नाही, बाहेरनं आणलेला एक्स्पर्ट पण नाही. शेजारच्या केबिनचाच माणूस. त्यामुळं त्याला 'सर, माझ्या तासाला पोरं झोपतात ओ' असं सांगायला लाज वाटत नाही.

यातलं फार नवं काही नाही बरं का. मिशिगन विद्यापीठानं शिकणं-शिकवणं यावर संशोधन करायला स्वतंत्र केंद्र काढलं ते १९६२ साली. आपलं शिवाजी विद्यापीठ पण १९६२ चंच, १८ नोव्हेंबर. एकाच वर्षी तिकडं ते झालं आणि इकडं सागरमाळावर आपलं झालं, आणि आपल्याला तेव्हा कॉलेज खेड्यापर्यंत पोचवायचं होतं, ते आपण पोचवलं पण. गारगोटी, गडहिंग्लज, चंदगडच्या पोरी आज एमएस्सी करतात ही साधी गोष्ट नाही. पण पोरगं कॉलेजात आल्यावर त्याच्या डोक्यात काय शिरतं, हे बघायचं राहिलं ते राहिलंच. पुढं १९७९ ला ओहायोतल्या मियामी विद्यापीठात दहा-बारा प्राध्यापकांनी वर्षभर एकत्र बसून आपल्याच शिकवण्याचा अभ्यास करायची पद्धत सुरू झाली. मग कार्ल वीमन, ज्यांना २००१ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, त्यांनी कोलोरॅडो आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांत एक गोष्ट केली ती मला सगळ्यात जास्त पटली. पैसे एकेका हौशी प्राध्यापकाला न देता अख्ख्या डिपार्टमेंटला दिले, आणि त्या विषयातच पीएचडी झालेली माणसं टीचिंग फेलो म्हणून डिपार्टमेंटमध्ये नेऊन बसवली. केमिस्ट्रीवाल्याला केमिस्ट्रीवालाच. एज्युकेशनवाला येऊन ब्लूम टॅक्सॉनॉमीची, म्हणजे शिकण्याच्या पायऱ्यांची, स्लाइड लावतो तेव्हा आम्ही सगळे खाली मोबाइल बघत असतो, हे सगळ्यांना माहीत आहे, उगाच कशाला लपवायचं.

आता माझ्या विषयाचं, फिजिक्सचं, सांगतो म्हणजे मुद्दा कळंल. हार्वर्डमध्ये एरिक माझुर म्हणून फिजिक्सचे प्राध्यापक, त्यांची पोरं अवघड अवघड गणितं सोडवायची, पण न्यूटनच्या नियमांवरच्या साध्या, आकडे नसलेल्या प्रश्नांची टेस्ट दिली की गडबडायची. त्या टेस्टच्या वेळी एका पोरीनं विचारलं की सर, उत्तर तुम्ही शिकवलंय तसं लिहू का मला वाटतं तसं लिहू? बघा, हार्वर्ड! मग त्यांनी १९९० च्या सुमारास तासाची पद्धतच बदलली. थोडं सांगायचं, एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं आपलं उत्तर ठरवायचं, मग शेजारच्याला पटवायला लागायचं, आणि परत मत द्यायचं.

त्याच टेस्टमधला ट्रक आणि कारच्या धडकेचा प्रश्न मी आमच्या एफवायच्या, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या, वर्गाला आमच्या पद्धतीनं घातला. उसानं भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली येतेय, समोरनं स्प्लेंडर येतेय, धडक झाली. कोण कुणावर जास्त फोर्स लावतं? ट्रॉली जास्त - एक बोट. स्प्लेंडर जास्त - दोन बोटं. दोघांचा सारखा - तीन बोटं. डोळे मिटून हात वर. सगळ्या वर्गाला न्यूटनचा तिसरा नियम (क्रियेएवढीच उलट दिशेनं प्रतिक्रिया) तोंडपाठ, आदल्याच तासाला सगळ्यांनी एका सुरात म्हणून दाखवलेला, आणि वर्गभर एकच बोट! तीन बोटं असतील चार-पाच जणांची, त्यातली दोघं बहुतेक डोळे किलकिले करून माझा चेहरा बघून.

मग म्हटलं, बोला आता आपापसात. आणि खरी मजा तिथं. मागच्या बाकावर राधानगरी साइडचं एक पोरगं शेजारच्याला सांगतंय, "आरं ट्रॉली केवढी मोठी हाय, तीच जास्त लावणार की." शेजारचा म्हणतो, "मग तिसरा नियम काय फक्त पेपरात लिहायला हाय व्हय?" "मग स्प्लेंडरचाच का चेंदा हुतोय?" आणि हा प्रश्न ऐकून पुढच्या बाकावरची एक मुलगी मागं वळून म्हणाली, "फोर्स सारखाच हाय रं, पण गाडीचं मास किती आणि ट्रॉलीचं किती? ॲक्सिलरेशन कुणाला जास्त येणार?" झालं. म्हणजे दुसरा नियम (फोर्स म्हणजे मास गुणिले ॲक्सिलरेशन) तिनं तिसऱ्याला नेऊन जोडला, माझ्या बोर्डावरच्या कामाशिवाय, अस्सल मराठीत. ही मुलगी मी इंग्लिशमध्ये प्रश्न विचारला की खाली मान घालून बसते. आमची निम्म्याहून जास्त पोरं बारावी सायन्स कशीबशी इंग्लिशमध्ये रेटून आलेली, त्याआधी दहावीपर्यंत मराठीत. नोट्स इंग्लिशमध्ये, पेपर इंग्लिशमध्ये, आणि विचार मराठीत. तो विचार बाहेर यायला तासात जागाच नसते, कारण तासभर मीच बोलत असतो.

आणि हे नुसतं 'मला वाटतं' नाही. २०१४ ला अमेरिकेत विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या २२५ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. नुसतं लेक्चर असलेल्या वर्गांत नापासांचं सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, आणि पोरांना तासात काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. बारा टक्क्यांचा फरक आहे राव. आपल्याकडं एफवायला बॅकलॉगमुळं किती पोरं शिक्षण सोडून एमआयडीसीत लागतात ते शिरोलीला आणि गोकुळ शिरगावला जाऊन बघा.

पण यात एक गोम आहे, आणि ती प्रिन्सिपल लोकांनी जरूर वाचावी. २०१९ साली हार्वर्डमध्येच फिजिक्सच्या वर्गांवर प्रयोग झाला. ज्या पोरांना स्वतः डोकं चालवायला लावलं ती टेस्टमध्ये जास्त शिकलेली निघाली, पण त्यांना विचारलं तर ती म्हणतात आम्ही कमी शिकलो. आणि छान गुळगुळीत लेक्चर ऐकणाऱ्यांना वाटलं आम्हाला भरपूर कळलं. म्हणजे वर्षाच्या शेवटी आपण जो फीडबॅक फॉर्म भरून घेतो आणि आलेख काढून फाइलला लावतो, तो कोण चांगलं बोलतं ते सांगंल, कुणाच्या वर्गात पोरं शिकतात ते सांगेलच असं नाही. जो शिक्षक पोरांना घाम काढायला लावतो त्यालाच कमी मार्क पडायची शक्यता जास्त.

मग म्हणाल, आपल्याकडं काहीच नाही का? आहे ना. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर प्राध्यापकांना ट्रेनिंग द्यायला अकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली, मग त्यांचं एचआरडीसी झालं, २०२३ पासून मालवीय मिशन. पाट्या बदलल्या. रिफ्रेशर कोर्स मात्र तोच, आणि आपण जातो कशाला? प्रमोशनला लागतो म्हणून. आता तर ऑनलाइन, कॅमेरा बंद, तिकडं साधनव्यक्ती 'विद्यार्थीकेंद्री अध्यापन' या विषयावर दीड तास सलग व्याख्यान देतायत आणि इकडं आम्ही कांदा चिरतोय. सगळेच असे नसतात, मला एका रिफ्रेशरमध्ये फार भारी माणसं भेटली, आजही फोनवर बोलतो. पण परत आल्यावर तुमच्या वर्गात काय बदललं हे बघायला कुणी येत नाही, खरा लोचा तिथं आहे.

नॅकच्या क्रायटेरियातला एक अख्खा टीचिंग-लर्निंगचा आहे. त्यासाठी आम्ही काय करतो? स्लो लर्नर आणि ॲडव्हान्स्ड लर्नरच्या याद्या करतो, सीओ-पीओ अटेनमेंटची, म्हणजे कोर्सची आणि पदवीची उद्दिष्टं किती गाठली याची, एक्सेल शीट भरतो, टीचिंग प्लॅन लिहितो, जिओटॅगवाले फोटो काढतो. स्लो लर्नरच्या यादीतल्या पोराला आपण त्या यादीत आहोत हे माहीतसुद्धा नसतं.

आणि शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय आपल्याकडं शिक्षणावरचं भाषण सुरू होत नाही, ते योग्यच आहे, पण जे. पी. नाईकांचं नाव किती प्राध्यापकांना माहीत असंल? आपल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा माणूस, देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचा सदस्य-सचिव. देशाचं भवितव्य वर्गखोल्यांत घडतंय हे जे वाक्य दर शिक्षकदिनाला बॅनरवर असतं ते त्याच आयोगाच्या १९६६ च्या अहवालाचं पहिलं वाक्य. बॅनर लावतो, वर्गखोलीत डोकवत नाही.

आता एक छोटी गोष्ट आम्ही करून बघितली ती सांगतो. फेलो लोक मिड-सेमिस्टरला करतात, अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात निघालेली पद्धत आहे. शिक्षकानं वर्गातनं बाहेर जायचं, दुसऱ्या शिक्षकानं आत यायचं, पोरांचे चार-पाच जणांचे गट करायचे आणि विचारायचं की तुम्हाला शिकायला कशाची मदत होते, कशाची अडचण होते, काय बदलावं. वीस-पंचवीस मिनिटं. नावं लिहायची नाहीत. मग ते सगळं फक्त त्या शिक्षकालाच सांगायचं, प्रिन्सिपलला नाही, कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला, म्हणजे आयक्यूएसीला नाही, कुठल्या फाइलला नाही. आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडमनी मला त्यांच्या वर्गात असं बोलावलं (हे त्यांना विचारूनच लिहितोय). मला वाटलेलं पोरं म्हणणार सगळं छान आहे सर. पण गटात बसल्यावर तोंडं उघडली. बी बॅचचं प्रॅक्टिकल थिअरीच्या आधी होतं, त्यामुळं टायट्रेशन का करतोय तेच कळत नाही. अवघड शब्द एकदा मराठीत सांगून मग इंग्लिशमध्ये सांगितला तर बरं. आणि सगळ्यात जास्त गटांनी लिहिलेलं - हजेरी शेवटी घेऊ नका. भुदरगडच्या पोरांची एसटी चुकते, म्हणून शेवटची दहा मिनिटं सगळं लक्ष घड्याळाकडं. मॅडमनी पुढच्या तासापासून हजेरी पहिल्यांदा घ्यायला सुरुवात केली. पैसा लागला नाही, ठराव लागला नाही, समिती लागली नाही. तीन वर्षांच्या फीडबॅक फॉर्ममध्ये ही गोष्ट एकदाही आली नव्हती, कारण फॉर्ममध्ये त्याला रकानाच नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे की विद्यापीठानं अजून एक वर्कशॉप, अजून एक पोर्टल काढण्यापेक्षा वेळ द्यावा. असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास थेट शिकवणं आहे. त्यातले ४ कमी करा, वर्षभरासाठी, प्रत्येक मोठ्या कॉलेजात दोघा-तिघांना. निवड सीनियॉरिटीनं करू नका, नाहीतर रिटायरमेंटला आलेल्या साहेबांचा सत्कार होऊन बसंल. आणि त्यांच्याकडनं अहवाल मागू नका. अहवाल मागितला की तो चेकर झाला, आणि चेकर आला की आपण सगळे एसटीतल्या पॅसेंजरसारखे तिकीट चाचपायला लागतो.

सगळ्यात कठीण प्रश्न सीएचबीवाल्यांचा, म्हणजे तासावर नेमलेल्यांचा, आणि तो टाळून ही चर्चा करणं म्हणजे ढोंग आहे. आज कितीतरी डिपार्टमेंट तासिका तत्त्वावरच्या पोरापोरींच्या जिवावर चालतात. त्यांना घेतलेल्या तासाचेच पैसे, सुट्टीचे नाहीत, वेळेवर नाहीत. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, मधे केएमटीच्या बसमध्ये बसून पेपर तपासणार. त्यांना 'या, आपण तुमच्या अध्यापनावर चिंतन करू' म्हणायला तोंड कुठं आहे? त्यांना फेलो करायचं असंल तर त्या ४ तासांचे पैसे आधी मोजा. नियमात बसत नाही म्हणतील. मग नियम बदला, यूजीसीची पत्रं आली की एका रात्रीत किती नियम बदलतात ते आम्ही बघितलंय. खरं तर सगळ्यात जास्त वर्ग त्यांच्याकडं आहेत, तेव्हा फायदाही तिथंच जास्त होणार.

'पोर्शन कधी संपवायचा?' हा प्रश्न येणारच. ॲडमिशन लांबतात, युवा महोत्सव, इलेक्शन ड्युटी, परीक्षा, सेमिस्टरला हातात राहतात किती आठवडे. मान्य. पण ट्रॉलीच्या प्रश्नाला माझी वीस मिनिटं गेली आणि तिसऱ्या नियमाचं एकच डेरिव्हेशन घरी करायला दिलं, आभाळ कोसळलं नाही. पोर्शन आपला संपतो, पोरांचा सुरूच झालेला नसतो कित्येकदा.

पुढच्या सेमिस्टरला आम्ही तिघं, मी, केमिस्ट्रीच्या मॅडम आणि इकॉनॉमिक्सचे एक सर, एकमेकांच्या तासाला मागं बसणार आहोत. टाइमटेबल फक्त गुरुवारी जुळतंय, तेही इकॉनॉमिक्सच्या सरांनी एक तास पुढं सरकवला म्हणून. त्यांनी अट घातलीय की बोर्डावरच्या अक्षराबद्दल कुणी काही बोलायचं नाही.