घसरण्याचे मार्क

यंदा मे महिन्यात ताई मुंबईहून येताना दोन गोष्टी घेऊन आली : दहावीत गेलेला मुलगा आणि टीव्हीला लावून गेम खेळायचा त्याचा एक्सबॉक्स. परत जाताना तिने एकच नेली.

"हा डबा वर्षभर इथे देवगडातच राहू दे," ती म्हणाली. "तुझ्याकडे सुरक्षित राहील. तुला त्यातलं काय कळतंय?"

पुढे जे काही झालं त्याचं मूळ या शेवटच्या वाक्यात आहे, हे मी आधीच नोंदवून ठेवतो.

कणकवली स्टेशनावर गाडी यायच्या जरा आधी भाच्याने मला फणसाच्या पिशवीआड बोलावलं. "मामा, नुसता झाकून ठेवू नकोस हां. त्यातल्या एका डोंगरउतारावर ड्रिफ्टचे तीन स्टार राहिलेत माझे. तेवढे काढून ठेव." गावाला जाताना शेजाऱ्याला 'कोंबड्यांना दाणे घाला' सांगावं, इतक्या सहज सांगितलं. मीही 'हो' म्हटलं. ड्रिफ्ट म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. पतपेढीत कॅशियर म्हणून बावीस वर्षं काढल्यावर माणसाला न कळणाऱ्या गोष्टीलाही मान डोलावता येते.

ड्रिफ्ट म्हणजे गाडी घसरवणं. मुद्दाम. वळण आलं की मागच्या चाकांची पकड सोडवायची, गाडी आडवी करायची आणि आडवीच पुढे न्यायची. नाक एकीकडे, चाल दुसरीकडे. जितकी जास्त आडवी आणि जितका जास्त वेळ, तितके मार्क. हे कोणाला सुचलं असेल, असं मी भाच्याला फोनवर विचारलं. त्याने इतिहासाच्या पुस्तकातला एकही धडा कधी सांगितला नसेल इतक्या नीट सांगितलं : जपान, १९७०चं दशक, कुनिमित्सु ताकाहाशी नावाचा रेसर ट्रॅकवर वळणात अशी गाडी टाकायचा, ते बघून केइची त्सुचिया नावाच्या पोराने घाटरस्त्यांवर तीच कला वाढवली आणि पुढे 'ड्रिफ्ट किंग' म्हणून गाजला. घाटरस्त्यांवर! फोंडाघाट आमच्या तालुक्याला एवढा जवळ, पण आमच्यातल्या कोणाला हे सुचलं नाही. आमची सगळी अक्कल उलट दिशेने खर्च झाली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खळ्यात शेवाळ धरलं की ब्लीचिंग पावडर मारायची, वर झापं टाकायची, जांभ्याच्या पायरीवर चवडा आधी टेकायचा, नारळ पडल्याचा आवाज आला तरी धावायचं नाही. पिढ्यानपिढ्या न घसरण्याचा अभ्यास केलेल्या घराण्यात मी सत्तेचाळिसाव्या वर्षी घसरण्याची शिकवणी लावली.

शिवाय साध्यासुध्या घराण्यात नाही. आमचे आप्पा एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. देवगड डेपो, फोंडाघाट आणि करूळ घाट, विनाअपघात सेवेचा बिल्ला. तो बिल्ला माजघरात देवाच्या तसबिरीखाली लावलाय आणि टीव्ही बरोबर त्याच्या समोर आहे.

खेळाचं नाव फोर्झा होरायझन ५, तो आला २०२१ साली, आणि तो घडतो मेक्सिकोत. तिथे ज्वालामुखी आहे, समुद्र आहे, माडही आहेत. पहिल्या दिवशी मला अगदी घरच्यासारखं वाटलं. गाडी भाच्याने तयार करून ठेवलेली होती, निसान सिल्विया. मागची चाकं ओढणारी गाडी ड्रिफ्टला लागते, कारण इंजिनाचा जोर मागे गेला तरच मागचं सुटतं. ट्रॅक्शन कंट्रोल, स्टॅबिलिटी कंट्रोल वगैरे गाडीला सांभाळणाऱ्या सगळ्या सोयी त्याने बंद करून ठेवल्या होत्या. म्हणजे सांभाळायला उरलो मी.

आता कंट्रोलरचं, म्हणजे दोन्ही हातांत धरून खेळ चालवायच्या यंत्राचं. खऱ्या स्टिअरिंगसारखं जे चाक खेळासाठी विकत मिळतं, ते ९०० अंशांत फिरतं, म्हणजे अडीच वळसे. आप्पांच्या जुन्या बसचं स्टिअरिंग तर आख्खं अंग टाकून फिरवावं लागायचं; पॉवर स्टिअरिंग नव्हतं, त्यांचे दंड अजून त्याची साक्ष देतात. ते सगळं काम या कंट्रोलरवर डाव्या अंगठ्याने करायचं, एका बुटक्या खुंटीवर, जी इकडून तिकडे फार तर पेरभर हलते. उजव्या तर्जनीखाली गॅस, म्हणजे अॅक्सिलरेटर. डाव्या तर्जनीखाली ब्रेक. उजव्या अंगठ्याने हँडब्रेक. आणि हे सगळं एकाच वेळी, नाजूकपणे. नाजूकपणा हा शब्द भाच्याचा. "मामा, तू स्टिक एकदम टोकाला का नेतोस? हळू. अर्धी. अर्ध्याची अर्धी." मी नोटा मोजणारा माणूस. माझ्या अंगठ्याला थुंकी लावून पुढे सरकणं एवढंच ठाऊक.

कृती ऐकायला सोपी आहे. उजवं वळण आलं, उजवीकडे वळवा, हँडब्रेक टिचकीभर मारा, मागचा भाग सुटला की स्टिअरिंग ताबडतोब उलट, डावीकडे, आणि गॅस धरून ठेवा. गॅस जास्त झाला तर गाडी स्वतःभोवती गरगर फिरते. कमी झाला तर त्याहून वाईट : टायरना एकदम पकड मिळते आणि तुम्ही जिकडे उलटं वळवून ठेवलंय तिकडे गाडी गोफणीतून सुटल्यासारखी जाते. तिकडे बहुतेक वेळा दरी असते. घसरायला लागल्यावर माणूस घाबरून गॅस सोडतो, आणि इथे घाबरल्यावरच तो धरायचा असतो. पहिल्या आठवड्यात मी मेक्सिकोचे इतके कठडे पाडले की तिथल्या बांधकाम खात्याला माझ्यासाठी वेगळा विभाग उघडावा लागला असता.

रात्री जेवणं झाल्यावर बसायचो. पावसाळा, बाहेर काही काम नाही. एकदा रात्री बाराच्या सुमाराला भाच्याचा चोरून फोन आला. मी उत्साहाने हळू आवाजात सांगितलं, "आज सिल्विया चार वेळा हातातून निसटली. पण शेवटी धरून ठेवली."

पाठीमागून आवाज आला, "अहो, ही सिल्विया कोण?"

गाडी दाखवली तेव्हा खुलासा झाला, पण समाधान झालं नाही. बायकोचं म्हणणं, बाई असती तर निदान कळलं तरी असतं.

अंगठ्याचे मात्र हाल झाले. सकाळी उठलं की डावा अंगठा पेंगुळल्यासारखा आत दुमडलेला. डॉक्टरांनी विचारलं, "काय काम करता?" मी म्हटलं, "रात्रीची गाडी चालवतो." त्यांनी मागच्या काचेतून माझी स्कूटर पाहिली आणि चिठ्ठीवर मलम लिहून दिलं. पतपेढीत अंगठा उठवणाऱ्या खातेदारांकडे मी आता वेगळ्या आदराने बघतो. त्यांचा अंगठा निदान कुठे जायचं ते कागदावर बरोबर जातो.

ऐन रंगात लाईट जायची ती वेगळीच. एकदा चांगला लांबलचक ड्रिफ्ट लागला होता, कंट्रोलरचे ट्रिगर बोटाखाली थरथरत होते (टायर घसरले की ते थरथरतात, सोय छान आहे), आकडा चढत होता, आणि आकडा, मेक्सिको, ज्वालामुखी सगळं काळोखात. हातात फक्त कंट्रोलर, आणि पागोळ्यांचा आवाज. इन्व्हर्टरवर आमच्याकडे एक पंखा आणि देव्हाऱ्यातला दिवा चालतो. सिल्वियाला त्यात जागा नाही, असा घरचा ठराव आहे.

आप्पा हे सगळं पहिले बरेच दिवस झोपाळ्यावरून बघत होते. बोलत नव्हते. एका रात्री बोलले.

"गाडी घसरता हा."

"मीच घसरवतंय, आप्पा. मुद्दाम."

"कित्याक?"

"मार्क मेळतत."

झोपाळा थांबला. "घसरल्यार मार्क? आमका मेमो मेळायचो." मग पडद्यावर धुराचा लोट बघून, "आणि टायर? टायर काय तुझ्या बापाशीचे आसत?" हे बोलल्यावर बाप कोण ते त्यांच्या लक्षात आलं, पण त्यांनी वाक्य मागे घेतलं नाही. एसटीत गाडी मागे घ्यायला कंडक्टर लागतो.

त्यांना मी वाय बटण दाखवलं. गाडी दरीत गेली की ते दाबायचं, मग काळ उलटा फिरतो आणि गाडी पुन्हा रस्त्यावर. आप्पांनी ते तीनदा करून बघितलं आणि बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हॉर्न खंय हा?"

हॉर्न स्टिकमध्येच होता. डावी खुंटी खाली दाबली की वाजतो. इथून घात सुरू झाला. दुसऱ्या दिवसापासून मी पतपेढीत गेलो की दुपारी आप्पा मेक्सिकोत. त्यांचं ड्रायव्हिंग वेगळं. ताशी पस्तीस किलोमीटर, आणि प्रत्येक वळणाला हॉर्न. "वळणार हॉर्न मारूक होयो," हा त्यांचा नियम, आणि त्या डोंगरात वळणांना तोटा नाही. एकतीस वर्षं त्यांनी जो हॉर्न तळव्याने मारला, तोच आता अंगठ्याने, तितक्याच ताकदीने. मेक्सिकन लोक भराभर मागून पुढे जात. आप्पा त्यांना हाताने खूण करीत, टीव्हीसमोर, खऱ्या हाताने.

जुलै संपता संपता एके रात्री मी कंट्रोलर हातात घेतला तर सिल्विया उभी असतानाच डावीकडे बघत होती. अंगठा उचलला तरी. सरळ रस्त्यावर सोडली की हळूहळू डाव्या बाजूच्या चरात.

"गाडी डावीकडे ओढता," आप्पा म्हणाले. "अलाइनमेंट गेला हा."

भाच्याला फोन केला. तो आधी हसला, मग दचकून थांबला, कारण ताई शेजारच्या खोलीत होती. "मामा, याला स्टिक ड्रिफ्ट म्हणतात." म्हणजे दोन महिने जे मला जमत नव्हतं ते कंट्रोलरला कोणी न शिकवता आलं. त्याने एक उपाय सांगितला : खेळाच्या सेटिंगमध्ये डेडझोन वाढव. खुंटीच्या मध्याभोवती एक वर्तुळ असतं, त्यातली हालचाल खेळ ऐकूनच घेत नाही. आमच्या मॅनेजरच्या कानाला असंच एक वर्तुळ आहे, त्यामुळे मला ते लगेच समजलं. पण वर्तुळ वाढवलं की माझी ती अर्ध्याची अर्धी, कष्टाने कमावलेली, तीही त्यात गडप.

म्हणून तसंच चालवलं. आणि इथे एक चमत्कार झाला. उजव्या वळणावर ड्रिफ्ट करताना उलटं, म्हणजे डावीकडे धरावं लागतं. आता डावीकडे ओढायचं काम कंट्रोलर आपणहून करत होता. मी फक्त गॅस सांभाळायचा. उजव्या वळणांवर मी त्सुचियाचा चुलतभाऊ झालो! गाडी आडवी, धूर, आकडा पळतोय, दोन स्टार लागले. पण डोंगर नुसता उजवीकडे वळत नाही. प्रत्येक उजव्यानंतर एक डावं, आणि प्रत्येक डाव्याला सिल्विया दरीत. तिसरा स्टार त्या दरीत कुठेतरी पडलेला आहे.

शेवटी कंट्रोलर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कणकवलीला नेला. निघताना घाईत खळ्यात पाय सटकला. शेवाळ. आणि मी शपथेवर सांगतो, त्या अर्ध्या सेकंदात मी हात टेकला नाही, माडाला धरलं नाही, कोणाला हाक मारली नाही. डावा अंगठा उलट दिशेला फिरवला. अर्ध्याची अर्धी. मग बसलो, कंट्रोलर वर, मी खाली. घडलेलं फक्त मांजराने पाहिलं.

मोबाईल दुरुस्त करणाऱ्या मुलाने पाच मिनिटांत तो उघडला. खुंटीच्या बुडाशी दोन चिमुकले पोटेन्शियोमीटर, एक आडव्या हालचालीचा, एक उभ्या. आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारी पत्र्याची जीभ. घासून पट्टी झिजते, धूळ बसते, आणि मध्य कुठे ते त्याला कळेनासं होतं. "देवगडातली खारी हवा," तो म्हणाला, जसं डॉक्टर 'वय झालं' म्हणतात. आता चुंबकावर चालणाऱ्या खुंट्या मिळतात, हॉल सेन्सरच्या, त्यांत काही घासतच नाही. नवीन शोधही नाही तो. १९९८च्या सेगा ड्रीमकास्ट नावाच्या गेमच्या डब्याच्या कंट्रोलरमध्ये होता. मग सगळ्यांनी तेच का नाही लावलं, असं मी विचारलं. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला पतपेढीच्या व्याजदराबद्दल विचारल्यावर मी खातेदाराकडे बघतो ती नजर आठवली. साफ करून दिलं. "पण हॉर्न एवढा कोण मारतो?" त्याने विचारलं. खुंटीखालचं बटण बसकं झालं होतं. मी म्हटलं, घरातच आहेत.

परत आलो तर आप्पा टीव्हीसमोर खुर्ची मांडून, चष्मा पुसून बसलेले. कंट्रोलर घेतला. खुंटी डावी-उजवी करून पाहिली, मान डोलावली. "सरळ झाली." मग गाडी काढली. डोंगरमाथ्यावरून खाली, पस्तीसच्या वर काटा नाही, डाव्या कडेने. मेक्सिकोत उजवीकडून चालवतात हे मी त्यांना दोनदा सांगितलं होतं. वळण, हॉर्न. वळण, हॉर्न. जिथे माझे दोन महिने गेले त्या तिसऱ्या डाव्या वळणावरून सिल्विया अशी उतरली की मागच्या सीटवर बसलेल्या बाईच्या मांडीवरचा आंब्याचा करंडसुद्धा हलला नसता. ड्रिफ्टचे मार्क शून्य.

उताराच्या पायथ्याला एक गाव लागलं, पिवळ्या-निळ्या भिंतींचं. आप्पांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक लावला आणि कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"कित्याक थांबलात?" मी विचारलं.

"धा मिनटां," ते स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले. "चाय."