चुंबक लावून भांडं ‘अस्सल’ ठरवणाऱ्या मेसेजबद्दल

धनत्रयोदशी जवळ आली की हा मेसेज फिरायला लागतो. म्हणणं असं: खरेदीला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. स्टीलच्या भांड्याला चिकटला तर त्यात लोखंडाची भेसळ आहे, नाही चिकटला तर माल अस्सल. सोनंही तसंच तपासा. आणि नाण्याला चिकटला तर नाणं खोटं.

‘लोखंडाची भेसळ’ हा आरोपच गमतीचा आहे, कारण स्टील मुळात लोखंडाचाच मिश्रधातू. दुकानदार ज्याला छातीठोकपणे ‘304’ म्हणतो, त्या जातीच्या स्टेनलेस स्टीलमध्येही सुमारे 70 टक्के लोखंडच असतं. बाकी साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल.

मग त्याला चुंबक का चिकटत नाही? नेहमीच्या तापमानाला चुंबकाकडे जोरात ओढले जाणारे शुद्ध धातू अगदी मोजके: लोखंड, निकेल, कोबाल्ट. (चौथा गॅडोलिनियम, पण तो साधारण 20 अंशांच्या खाली, म्हणजे पुण्यात थंडीत चिकटेल आणि मे महिन्यात सोडून देईल.) 304 मध्ये यातले दोन एकत्र आहेत, तरी ओढ जवळपास नाहीच. कारण चुंबकत्व नुसतं कोणता अणू आहे यावर ठरत नाही, अणू कसे रचले आहेत यावरही ठरतं. साध्या लोखंडात अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मधोमध असतो. पुरेसं निकेल मिसळलं की मधला अणू जाऊन घनाच्या प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर अणू येतात, आणि या रचनेत त्यांची सूक्ष्म चुंबकत्वं एका दिशेला वळत नाहीत.

ही रचना बिघडूही शकते. पत्रा साच्यात दाबून पातेलं ओढताना जिथे धातूवर जास्त ताण येतो, तिथे ती अंशतः बदलते. म्हणून चोख 304 च्या पातेल्यालाही काठाशी चुंबक हलकेच धरतो. मेसेज वाचलेलं गिऱ्हाईक नेमकं तेच पातेलं परत ठेवणार.

‘नाही चिकटला तर अस्सल’ हा भाग खिशाला जास्त महागात पडतो. निकेल महाग, म्हणून 200 मालिकेच्या स्टीलमध्ये ते कमी करून मँगनीज वाढवतात. 202 मध्ये निकेल 4 ते 6 टक्के आणि मँगनीज 7.5 ते 10 टक्के असतं. अणूंची रचना तीच राहते, त्यामुळे चुंबक याही भांड्याला चिकटत नाही. गंजापुढे मात्र ते 304 इतकं टिकत नाही. थोडक्यात, स्वस्त 202 आणि महाग 304 यांतला फरक सांगणं चुंबकाला जमतच नाही. त्यासाठी भांड्यावरचा छाप आणि पक्कं बिल मागा.

उलट 430 हे बिननिकेलचं, 16 ते 18 टक्के क्रोमियमचं स्टील चुंबकाला घट्ट धरतं आणि तेही स्टेनलेसच आहे. इंडक्शनच्या शेगडीवर चालणाऱ्या ट्रायप्लाय (तीन थरांच्या) कढईला बाहेरून बहुधा याच जातीचा थर असतो. तिथे चुंबक चिकटायलाच हवा, नाहीतर कढई तापणार नाही.

सोन्याचं थोडक्यात. सोनं चिकटत नाही हे खरं, पण तांबं, चांदी, पितळ, शिसं आणि टंगस्टनही चिकटत नाहीत. त्यातून टंगस्टनची घनता सोन्याच्या इतकी जवळची आहे की वजनावरूनही फसगत होते. दुसरीकडे, खऱ्या सोन्याच्या साखळीच्या हुकात पोलादी स्प्रिंग असली तर तेवढा भाग चिकटतो. हॉलमार्कसोबतचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. चुंबक खिशातच राहू द्या.

राहिली नाणी. 1962 ते 1974 मधला एक रुपया निकेलचा. त्याला चुंबक चिकटतो. 1975 पासूनच्या रुपयात 75 टक्के तांबं आणि 25 टक्के निकेल. त्याला चिकटत नाही. 1992 पासून स्टेनलेस स्टीलचा रुपया आला आणि चुंबक पुन्हा चिकटायला लागला. तिन्ही सरकारी टांकसाळीतलेच.