सहा महिन्यांत, घरबसल्या डेंटल हायजिनिस्ट?

गेल्या आठवड्यात कराडहून भाचीने एक व्हॉट्सॲप संदेश पुढे पाठवला आणि खाली विचारले, ‘मामा, फी भरू का? आज शेवटची तारीख आहे.’ दहावीनंतर सहा महिन्यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाने डेंटल हायजिनिस्ट, म्हणजे दातांची सफाई करणारा प्रशिक्षित कर्मचारी, होता येते, नोंदणीची गरज नसते, स्वतःचे ‘टीथ क्लीनिंग सेंटर’ उघडता येते आणि तेच प्रमाणपत्र अमेरिकेतही चालते, तिथे पगारही भरपूर मिळतो, असे त्यात म्हटले होते. दोन दिवसांत हाच संदेश मला आणखी तिघांकडून आला. दंत महाविद्यालयात हिरड्यांच्या विभागात शिकवत असल्यामुळे उत्तर देणे मला भागच आहे.

दहावी आणि सहा महिने, हे दोन्ही खोटे आहे. भारतीय दंत परिषदेच्या नियमांनुसार हायजिनिस्टच्या पदविकेसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन बारावी उत्तीर्ण व्हावे लागते आणि अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो.

मला खरा संताप येतो तो ‘ऑनलाइन’ या शब्दाचा. आमच्याकडे विद्यार्थी आधी नकली जबड्यावर नुसता स्केलर, म्हणजे दातांवरचा कडक थर खरवडण्याचे हत्यार, धरायला शिकतात. अनामिका शेजारच्या दातावर घट्ट टेकवायची, म्हणजे रुग्णाने अचानक मान हलवली तरी हत्याराचे टोक हिरडीत घुसत नाही. ही एवढी सवय लागेपर्यंतच हात आखडून येतो. पुढे हिरडीखालचे किटण, म्हणजे तोच कडक थर, येते, जे डोळ्यांना दिसतच नाही. ते एक्सप्लोरर नावाच्या तपासणीच्या हत्याराच्या बारीक टोकाला खरखरीत लागते, आणि ती खरखर किटणाची की मुळाच्याच पृष्ठभागाची, हे बोटांना उमगेपर्यंत शेजारी शिक्षक उभा असावा लागतो. खुर्चीत बसलेला माणूस रक्त पातळ करण्याची गोळी घेतो का, त्याच्या हृदयात कृत्रिम झडप आहे का, हे हत्यार उचलण्याआधी विचारायचे असते. एका रुग्णाच्या रक्ताने माखलेला स्केलर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, न घालता दुसऱ्याच्या तोंडात गेला, तर हिपॅटायटिस बी पसरू शकतो. यातले काय मोबाइलच्या पडद्यावर शिकवणार आहेत, ते त्यांनी एकदा सांगावेच.

नोंदणीबद्दल फार लिहीत नाही. १९४८ च्या दंतवैद्य कायद्यातच हायजिनिस्टची व्याख्या आहे: दातांवरचे किटण काढणारी, दात स्वच्छ व चकचकीत करणारी किंवा मौखिक स्वच्छतेचे शिक्षण देणारी, पण दंतवैद्य वा डॉक्टर नसलेली व्यक्ती. त्याच कायद्यात हायजिनिस्टांची वेगळी नोंदवहीही सांगितली आहे. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. त्यातही नोंदणी आहेच.

स्वतःच्या सेंटरचे पितळ या व्याख्येपाशीच उघडे पडते. तिच्यात निदान करणे, इंजेक्शन देणे किंवा औषध लिहून देणे यातले काहीच नाही. दात साफ करायला आलेला माणूस ‘ही दाढ ठणकते’ म्हणाला की या सेंटरवाल्याने काय करायचे?

अमेरिकेतील पगाराची गोष्ट मात्र खरी आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. तिथल्या श्रम सांख्यिकी विभागाने २०२३ साठी हायजिनिस्टांचे मध्यम वार्षिक वेतन ८७,५३० डॉलर असे दिले आहे, आणि त्यासाठी दंतवैद्याची पदवीही लागत नाही. परंतु तिथे मान्यताप्राप्त संस्थेत किमान दोन शैक्षणिक वर्षे पूर्णवेळ शिकावे लागते, राष्ट्रीय मंडळाची लेखी परीक्षा द्यावी लागते आणि शिवाय त्या त्या राज्याचा परवाना काढावा लागतो. आपल्याकडे बहुतेक दंतवैद्य स्केलिंग, म्हणजे किटण काढण्याचे काम, स्वतःच करतात, म्हणून खरी पदविका घेतलेल्यांनाही कामाच्या जागा मोजक्याच मिळतात. तो संदेश लिहिणाऱ्याने हे मात्र सोयीस्करपणे गाळले आहे.

भाचीने फी भरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला त्याच नंबरवरून संदेश आला, ‘खास आग्रहास्तव मुदत रविवारपर्यंत वाढवली आहे.’