१५ दिवस दूध प्यायलं की जीन जागं होतं? नाही हो

फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय, दूध पचत नसेल तर १५ दिवस रोज अर्धा ग्लास प्या, लॅक्टेजचं (दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं एन्झाइम) जीन जागं होतं, नोबेल मिळालेला शोध आहे, आणि तोवर दही खा कारण दह्यात लॅक्टोज शून्य. मायक्रोबायॉलॉजी शिकलोय त्यामुळे गप्प बसवत नाही.

नोबेल खरंय, १९६५ चं, फ्रान्सच्या जाकोब, मोनो आणि ल्वॉफ यांना. पण जाकोब-मोनोंचं लॅक्टोजवालं काम ई. कोलाय या बॅक्टेरियावर होतं, माणसावर नाही. त्याचं लॅकझेड नावाचं जीन बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम बनवतं, ते लॅक्टोज तोडून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज करतं. लॅक्टोज नसताना डीएनएवर एक रिप्रेसर प्रोटीन ठाण मांडून बसलेलं असतं, कुलूपच म्हणा. थोडं लॅक्टोज आत आलं की त्याचं ॲलोलॅक्टोज होतं (करतं कोण, तर हेच एन्झाइम, चुकूनमाकून आधीच बनलेले चार रेणू), ते रिप्रेसरला चिकटतं, कुलूप निघतं आणि एन्झाइम जवळजवळ हजारपट वाढतं, तेही मिनिटांत, १५ दिवस कसले! आणि बाजूला ग्लुकोज असेल तर हे पठ्ठे लॅक्टोजकडे ढुंकूनही बघत नाहीत.

आपल्यात हे कुलूपच नाही. माणसाचं लॅक्टेज वेगळं, त्याचं जीन २ नंबरच्या क्रोमोसोमवर, लहानपण सरलं की बहुतेकांचं मंदावतं, दूध प्या नाहीतर नका पिऊ. भारतात ज्यांचं मोठेपणीही चालू राहतं त्यांच्यात बऱ्याचदा शेजारच्या एमसीएम६ जीनमध्ये डीएनएच्या एका अक्षराचा बदल सापडतो, सीच्या जागी टी. तो आईबापांकडून येतो, ग्लासातून नाही.

"पण मावशीला फरक पडला ना!" पडला असेल की. रोज लॅक्टोज मिळालं तर मोठ्या आतड्यातले ते खाणारे बॅक्टेरिया वाढतात, गॅस कमी होतो. अनुभव खरा, कारण भलतंच.

आता दही. शून्य वगैरे काही नाही, विरजण लागताना लॅक्टोजचा थोडाच भाग संपतो. तरी ते सोसतं कारण त्यातले जिवंत बॅक्टेरिया स्वतःचं बीटा-गॅलॅक्टोसिडेज सोबत आणतात, पेशीच्या आत असल्यामुळे ते पोटातल्या ॲसिडमधून बऱ्यापैकी वाचतं आणि लहान आतड्यात कामाला लागतं. कढी उकळली की मात्र एन्झाइम खलास, उरलेलं लॅक्टोज तसंच, त्यामुळे ताक झेपतं म्हणून कढीच्या तिसऱ्या वाटीला हात घालणाऱ्यांनी जरा दमानं.