आधी सिलिंडरची तारीख बघा
जुनी सीएनजी गाडी घेताना किलोमीटर आणि टायर बघितले की झालं, असं लेखात म्हटलंय ते काही पटलं नाही बुवा. मीटर मागे फिरवता येतो, टायर बदलता येतात, आधी डिकी उघडून सिलिंडर बघा की राव! दर 3 वर्षांनी त्याची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याचा दाब देऊन मजबुतीची तपासणी, लागते. मी दोन वर्षांपूर्वी बाहेरून किट बसवलेली गाडी घेतली, भाव बरा वाटला म्हणून खोलात गेलो नाही, आणि पहिल्याच आठवड्यात पंपावरच्या पोराने टेस्टच्या तारखेची प्लेट बघून गॅस भरायलाच नकार दिला, टेस्टची मुदत संपून वर्ष झालेलं! त्यात आरसीवर इंधन नुसतं पेट्रोल, म्हणजे किटची आरटीओत नोंदच नाही, उद्या काही झालं तर विमावाला क्लेम नाकारायला मोकळा.

मग सिलिंडर उतरवून टेस्टला दिला, नोंदीसाठी फेऱ्या मारल्या, वाचवलेले बरेचसे पैसे त्यातच गेले. मावसभावाने कंपनी फिटेड, म्हणजे कारखान्यातूनच किट बसवून आलेली गाडी घेतली, थोडे जास्त मोजले पण आरसीवर पेट्रोल/सीएनजी आधीपासूनच. बाकी सिलिंडरमुळे डिकीत सामान मावत नाही हे लेखातलं मात्र शंभर टक्के खरं, गणपतीला गावी जाताना आमच्या बॅगा पोरांच्या मांडीवर असतात.