मावशींनी स्क्रीनवरची चादर चोळून बघितली

स्क्रीन डिझाइन करतो म्हणलं की लोकांना वाटतं मोबाईलचं ॲप. पण दुकानातला टचस्क्रीन हे वेगळंच प्रकरण आहे राव. मागच्या वर्षी इथं सोलापुरातल्याच एका चादरीच्या दुकानासाठी मी एक केला, ४३ इंची, उभा, गिऱ्हाइकानं डिझाइन निवडायचं, रंग बदलायचे, स्वतःचं नाव टाकायचं आणि तशी चादर विणून मिळणार. लई खूष होतो मी. पहिल्याच दिवशी एक मावशी आल्या, सूत कसंय बघायला स्क्रीनवरची चादर अंगठा आणि बोटानं चोळली आणि चादर एकदम झूम! मावशी दोन पावलं मागं. "अगंबाई, बिघडली का काय?"

मोठे स्वस्त टचस्क्रीन बहुतेक इन्फ्रारेडचे असतात, म्हणजे काचेवरून न दिसणारे आडवे-उभे किरण जातात आणि ते जिथं अडले तिथं बोट लागलं असं मशीन धरतं. त्याला बोट काय आणि पदर काय, सारखंच. बायका वाकून बघायला लागल्या की लाल चादर आपोआप हिरवी. मोबाईलसारखा कपॅसिटिव्ह टच घेतला असता तर ही भानगड नव्हती, पण त्या साइजला बजेट पार हाताबाहेर जातं.

रंगाचं तर बोलूच नका. मी हौसेनं ६४ रंग दिलेले. पण स्क्रीन स्वतः उजेड फेकतो, सुताला दुकानातल्या ट्यूबचाच उजेड, त्यामुळं इथला मोरपंखी आणि तिथला मोरपंखी काही जुळत नाही. मालक म्हणले, "माझ्याकडं सूत बारा रंगाचं, तू चौसष्ट कुठनं आणलास बे?" बरोबरच आहे की. आता बाराच रंग आहेत आणि शेजारी खिळ्यांना त्याच सुताच्या लड्या टांगल्यात, नंबर लावून. लोक आधी लडी हातात घेतात, मग नंबर दाबतात.

नावाचा घोळ सगळ्यात मोठा. जेकॉर्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, अक्षर म्हणजे धाग्यांचे बारीक चौकोन, जितके हूक (धागे उचलणारे आकडे) तितकीच मोकळीक. १८०४ च्या आसपास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जाकारनं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी मागावर नक्षी काढली, आज बऱ्याच ठिकाणी पुठ्ठ्याऐवजी फाइल जाते, पण धागा धागाच आहे. मी स्क्रीनवर गुळगुळीत फॉन्ट दाखवायचो, 'ज्ञानेश्वर' काय झक्कास दिसायचं, आणि विणून आलं की ज्ञ चा नुसता गोळा. म्हणून माझं ठाम मत, मागाला जमत नाही ते स्क्रीननं दाखवूच नये. आता टाइप केलं की अक्षर लगेच पायऱ्यापायऱ्यांचं दिसतं. दिसायला बरं नाही, पण गिऱ्हाइक भांडायला येत नाही.

भाषा मी मराठी, हिंदी, इंग्लिश ठेवलेल्या. शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातल्या एका आजोबांनी "तेलुगू कुठंय?" विचारलं तेव्हा लाज वाटली, सोलापूरचा असून विसरलो!

आणि हो, ६० सेकंद कोणी हात लावला नाही की सगळं पुसून पहिलं पान यायचं. इथं माणूस बायकोला व्हिडिओ कॉल लावून विचारतो, त्यात पाच मिनिटं जातात, तोवर चादर गायब. ते वाढवलंय.

मालक आता ५५ इंची घ्यायचा म्हणतायत. मी म्हणलं आधी आहे त्याच्यासमोर एक स्टूल ठेवा.